सुरक्षेतला ढिसाळपणा दाखवण्यासाठी लोकांचा डेटा फोडणे योग्य आहे का?

मानेवाडा रोड (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या आईची रक्ततपासणी धंतोलीतील एका निदान केंद्रात झाली आणि नेहमीप्रमाणे अहवालाची लिंक एसएमएसने आली. त्या लिंकच्या शेवटी सहा आकडी क्रमांक होता. मुलाने सहज शेवटचा आकडा बदलून पाहिला, तर पासवर्ड नाही की ओटीपी नाही, थेट दुसऱ्याच कुणा मुलीचा अहवाल उघडला. पूर्ण नाव, वय, मोबाइल क्रमांक, तपासणी सुचवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि त्याखाली हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचा निष्कर्ष : ‘ए-एस पॅटर्न’. त्याचा अर्थ विदर्भातल्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असलेली मुलगी स्वतः ठणठणीत असू शकते, पण हा एक कागद भलत्याच्या हाती पडला तर ठरत आलेली सोयरीक मोडायला तेवढे पुरते.

त्याने केंद्राला फोन केला, ईमेल पाठवली, स्वतः जाऊन काउंटरवर सांगितले. ‘सर बाहेर आहेत, तुमचा अहवाल मिळाला ना?’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. आता त्याचे म्हणणे असे, की दोनशे अहवाल टेलिग्रामवर टाकले तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येईल आणि संध्याकाळच्या आत लिंक बंद होईल. मी त्याला थांबवले आहे. पण ‘तो गुन्हा आहे’ एवढेच सांगून मी वर्गाबाहेर पडले आणि ते उत्तर मलाच अपुरे वाटत आहे. कायद्याने मना असलेली प्रत्येक गोष्ट अनैतिक असतेच असे नाही, हे तोही जाणतो. संस्था ऐकत नसेल आणि लोकांना आपल्यावरच्या धोक्याची कल्पनाही नसेल, तर त्यांचेच भले व्हावे म्हणून त्यांचा डेटा चव्हाट्यावर मांडण्याचे समर्थन करता येते का? करता येत नसेल, तर नेमके कोणत्या कारणाने?

खडखडीत

मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याची बाजू घेणारा येथे कोणीतरी असायला हवा, म्हणून लिहितो. ती लिंक आज उघडीच आहे. ज्याच्या मनात खोट आहे, तो कदाचित गेले वर्षभर गुपचूप अहवाल उतरवून घेत असेल आणि तो काही टेलिग्रामवर जाहीर करणार नाही. म्हणजे गप्प राहिल्याने रुग्णांचे रक्षण होत नाही, केंद्राची अब्रू मात्र वाचते. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच या गोपनीयतेचा अर्थ. घराला कुलूप नाही हे मालकाला शांतपणे सांगून तो ढिम्म हलत नसेल, तर भर चौकात ओरडून सांगण्यात गैर काय?

झोमॅटोचे उदाहरण घ्या. मे २०१७ मध्ये एका हॅकरने त्यांच्या १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती डार्क वेबवर विक्रीस ठेवली. कंपनीने त्याच्याशी संपर्क साधला, तेव्हा त्याची मागणी होती, की सुरक्षा संशोधकांसाठी नीट बक्षीस योजना सुरू करा. कंपनीने ते मान्य केले आणि त्याने तो डेटा बाजारातून काढून घेतला. नुसत्या ईमेलला असे फळ आले असते का, हे ज्याचे त्याने ठरवावे. उलट ज्यांनी सभ्य मार्ग धरला, त्यांच्या वाट्याला काय आले तेही पाहा. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहराने पाचशे रुपये मोजून आधारच्या माहितीपर्यंत पोहोचता येते हे दाखवून दिले आणि आधार चालवणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाने जी फिर्याद दिली तीत त्या वार्ताहराचेही नाव होते. आपल्याकडे सभ्यपणा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मुलांना आपणच शिकवतो आणि मग ती मुले अशी का वागतात म्हणून आश्चर्य करतो.

आयटी पार्कवाला

खडखडीत यांचे दुसरे उदाहरण त्यांच्याच विरुद्ध जाते. ‘द ट्रिब्यून’ने एकाही नागरिकाचा तपशील छापला नव्हता. दार कसे उघडते, किती रुपयांत उघडते आणि उघडायला किती वेळ लागतो, एवढेच छापले. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि आठवड्याभरात, १० जानेवारीला, आधार क्रमांकाऐवजी देता येईल अशा आभासी ओळख क्रमांकाची घोषणा झाली. फिर्यादीत वार्ताहराचे नाव घालणे लाजिरवाणे होते, याबद्दल दुमत नाही. पण पुरावा पोहोचला आणि त्यासाठी कोणाही सामान्य माणसाची माहिती खर्ची पडली नाही, ही गोष्ट उरतेच. झोमॅटोच्या बाबतीत बोलणी होण्यापूर्वीच माल बाजारात मांडला गेला होता. नंतर तो मागे घेतला म्हणून आधी मांडणे सत्कृत्य ठरत नाही. आमच्या धंद्यात अशा व्यवहाराला गोड बोलून उकळलेली खंडणी म्हणतात.

कुलुपाची उपमाही येथे चालत नाही. घर केंद्राचे आहे, पण आतले सामान रुग्णांचे आहे. तुमचा विद्यार्थी चौकात ओरडायला निघालेला नाही, तो दोनशे लोकांचे सामान रस्त्यावर आणून ठेवायला निघाला आहे आणि त्या दोनशे जणांना त्याने विचारलेले नाही. संमतीशिवाय माहिती बाहेर गेली हाच जर केंद्राचा अपराध असेल, तर तोच अपराध जाणूनबुजून, निवडून, नावानिशी करणाऱ्याला केंद्राकडे बोट दाखवण्याचा अधिकार कसा उरतो? केंद्राकडून निष्काळजीपणाने झाले, हा तर ठरवून करणार.

आता मॅडमसाठी थोडी आतली गोष्ट. प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत मी काही काळ काम केले आहे. ते सहा आकडी क्रमांक कुठून येतात, तर बहुतेक वेळा बिलाचा क्रमांकच अहवालाची ओळख म्हणून वापरलेला असतो. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीतला ७० अक्षरांचा, त्यापुढे गेले की दुसऱ्या मेसेजचे पैसे पडतात, म्हणून लिंक जितकी आखूड तितकी बरी. आम्ही एकदा ओटीपी बसवून दिला होता. तक्रारी काय याव्यात? वडील उमरेडला, अहवाल पाहणारा मुलगा पुण्यात, ओटीपी येतो वडिलांच्या साध्या फोनवर आणि त्यांना तो वाचून सांगता येत नाही. काउंटरवर भांडणे झाली आणि डॉक्टरांनीच आम्हाला फोन करून ‘ते काढा बुवा’ म्हणून सांगितले. म्हणजे ढिसाळपणा आहे हे खरे, पण त्यामागे कोणी खलपुरुष बसलेला नसतो. ओटीपी नको असेल तरी मार्ग आहे : क्रमांकाऐवजी बत्तीस अक्षरांचा अंदाज न बांधता येणारा मजकूर वापरायचा, त्यावर आखूड लिंकचे आवरण न घालता मेसेजचा खर्च सोसायचा आणि काही दिवसांनी लिंक आपोआप बंद करायची. हे चांगल्या प्रोग्रामरचे एका दुपारचे काम आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. हे सॉफ्टवेअर त्या एकाच केंद्रासाठी लिहिलेले असण्याची शक्यता फार कमी. तेच आवरण, तोच ढाचा घेऊन वर्धा, चंद्रपूर, गोंदियातल्या कितीतरी प्रयोगशाळा चालत असतील. टेलिग्रामवर लिंकचा नमुना गेला, की ज्याला आजवर हे सुचले नव्हते त्यालाही त्याच रात्री सुचेल. धंतोलीतली लिंक संध्याकाळी बंद होईल, बाकीच्या ठिकाणी ती कोण आणि कधी बंद करणार?

तपासणी टेबलावरून

मी गेली बरीच वर्षे रक्ताचे नमुने घेण्याचे काम करते. आमच्याकडे एचआयव्हीचा अहवाल एसएमएसने पाठवतच नाहीत, पाकिटात घालून हातात देतात आणि त्यामागे २०१७ च्या कायद्याचे बंधन आहे. सिकलसेलच्या अहवालाला मात्र तसे पाकीट नाही. तपासणीला येणाऱ्या कितीतरी मुली नाव सांगताना आवाज खाली घेतात आणि ‘घरच्या नंबरवर मेसेज नका टाकू’ म्हणतात. काही जणी खोटे आडनाव सांगायला बघतात, तेव्हा आधार कार्ड मागून आम्हीच ते खोडून काढतो. आता त्या दोनशे जणांत अशी एखादी असेल, तर केंद्राला धडा मिळाल्याचा तिला काय उपयोग होणार? यालाच चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासणी करून घ्या म्हणून आम्ही वस्त्यावस्त्यांतून सांगत फिरतो. एकदा का ‘नागपुरात अहवाल बाहेर फुटले’ असे वाऱ्यावर गेले, की पुढच्या शिबिराला माणूस यायचा नाही. ही किंमत विद्यार्थ्याच्या हिशेबात कुठेच धरलेली दिसत नाही.

खडखडीत

ताईंचे म्हणणे मला पटते. नावांसकट टाकणे चूक आहे, तेवढे मी मागे घेतो. पण नावे काळी करून टाकली तर? सॉफ्टवेअरमधले दोष शोधणारी गूगलची प्रोजेक्ट झिरो ही तुकडीही कंपन्यांना ९० दिवसांची मुदत देते आणि मुदत टळली तर दोष जाहीर करते. त्यांना कोणी गुन्हेगार म्हणत नाही.

आयटी पार्कवाला

प्रोजेक्ट झिरो दोष जाहीर करते, कोणाचा डेटा नव्हे. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांना संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेतच, म्हणजे डीएनएसमध्ये, खोल दोष सापडला. त्यांनी तो महिनोन्महिने गुप्त ठेवून मोठमोठ्या कंपन्यांना एकत्र बसवले आणि ८ जुलैला सगळ्यांची दुरुस्ती एकाच दिवशी बाहेर आली. दोष सांगायला बळी लागत नाही. येथे तर ते आणखी सोपे आहे : विद्यार्थ्याच्या आईचा एक अहवाल आणि संमती देणाऱ्या एका मित्राचा दुसरा. एका फोनवरून आकडा बदलून दुसरा अहवाल उघडल्याचे चित्रण केले, की पुरावा पुरा झाला. दोनशेचा आकडा पुराव्यासाठी लागत नाही, तो फक्त धाकासाठी लागतो. आणि काळ्या केलेल्या नावांवर फार विसंबू नका. पीडीएफवर काळी पट्टी ओढली, तरी खालचा मजकूर कॉपी करून वाचता येतो, हे शहाण्या माणसांच्याही ध्यानात राहत नाही. गावाचे नाव, वय, डॉक्टर आणि तारीख राहिली तर लहान गावात नावाची गरजही उरत नाही.

सिव्हिल लाइन्स

मी वकिली करतो. मॅडमना कायदा बाजूला ठेवायचा आहे हे वाचले, तरीही तो थोडा मध्ये आणतो, कारण येथे नैतिक गोंधळ बराचसा कायद्याने घातलेला आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल बोलते आणि त्यातच परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणे, त्याची नक्कल करणे हेही येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ लागू होऊन तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा दुसऱ्याचा अहवाल एकदा चुकून उघडणे आणि दोनशे अहवाल उतरवून घेणे यांत न्यायालयात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. ‘हेतू चांगला होता’ हा बचाव सुनावणीच्या वेळी कामी येऊ शकतो, पण फोन आणि लॅपटॉप जप्त होताना तो कोणी ऐकून घेत नाही.

अगदी अशाच लिंकचा एक खटला अमेरिकेत झाला. २०१० मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या संकेतस्थळावर आयपॅडमधल्या सिमकार्डांचे क्रमांक बदलत गेले, की मालकांचे ईमेल पत्ते मिळत. त्यातून सुमारे १ लाख १४ हजार पत्ते गोळा करून एका संकेतस्थळाला देण्यात आले. त्याबद्दल अँड्र्यू ऑर्नहाइमर या हॅकरला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. पुढल्या वर्षी अपिलात ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला या कारणावर. आकडा बदलणे हा गुन्हा आहे की नाही, हा मूळ प्रश्न त्या निकालाने सोडवला नाही आणि तो माणूस दरम्यान वर्षभर तुरुंगात बसला.

अशा शोधकांना आसरा देणारे देशही आहेत. नेदरलँड्समध्ये २०१३ पासून सरकारी मार्गदर्शिका आहे. ती पाळून दोष कळवला तर सहसा खटला भरत नाहीत, उलट सरकारी संगणक हॅक केल्याची थट्टा छापलेला एक टी-शर्ट भेट देतात. अमेरिकेच्या न्याय खात्यानेही मे २०२२ मध्ये सद्‌हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरायचे नाहीत असे धोरण जाहीर केले. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था दोष स्वीकारते, त्याचे समन्वयन करते, पण कळवणाऱ्याला कायद्याचे कवच नाही. खडखडीत यांच्या चिडीत तथ्य आहे ते येथे. मात्र त्या चिडीचा रोख कायदा करणाऱ्यांकडे असायला हवा. रुग्णांचे अहवाल फोडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता ज्यांचे अहवाल उघडे पडले, त्यांच्या बाजूने. वैद्यकीय नोंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार संवेदनशील माहिती आहे आणि ती सांभाळण्यात हयगय करून नुकसान करणाऱ्या संस्थेकडून त्याच कायद्याच्या कलम ४३ अ खाली भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात, दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कुचराईला २५० कोटींपर्यंत दंड आहे, हा आकडा सर्वांना पाठ असतो. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होणार आहे, रुग्णाच्या हाती त्यातला रुपयाही पडणार नाही आणि हा कायदा पूर्ण लागू झाला की ४३ अ रद्द होणार आहे. यावर जितका आरडाओरडा व्हायला हवा होता, तितका झालेला नाही. विद्यार्थ्याने दोनशे अहवाल फोडले, तर भरपाईच्या दाव्यात केंद्राचा वकील पहिले वाक्य काय उच्चारेल ते मी आजच सांगतो : ‘नुकसान आमच्या लिंकने केलेले नाही, त्या मुलाने केले आहे.’ ज्याला धडा शिकवायचा, त्यालाच तो मुलगा सुटकेची वाट करून देणार.

कॅनडातील ॲशली मॅडिसन या संकेतस्थळाचेही असेच झाले. विवाहबाह्य संबंध जुळवणारी ही कंपनी १९ डॉलर घेऊन खाते ‘पूर्ण पुसण्याचे’ आश्वासन देत होती आणि ते पाळत नव्हती. तक्रार रास्त होती. २०१५ मध्ये हॅकरांनी तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती उघड केली. पाठोपाठ सभासदांना खंडणीचे ईमेल सुरू झाले, घरे मोडली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. प्रमुखाने राजीनामा दिला, मालक कंपनीने पुढल्या वर्षी नाव बदलले, १६ लाख डॉलर भरून अमेरिकी नियामकांशी असलेला वाद मिटवला आणि संकेतस्थळ आजही चालू आहे.

मानेवाडा रोड

सर्वांचे आभार. काल त्याला बोलावून हा सगळा धागा वाचायला दिला. ताईंच्या प्रतिसादापाशी तो बराच वेळ थांबला. एटी अँड टीच्या खटल्याचे त्याला काही वाटले नाही, उलट त्याला तो माणूस वीर वाटला, हेही सांगून टाकते. शेवटी त्याने माझ्यासमोर त्या मुलीच्या अहवालाची उतरवलेली प्रत पुसली आणि आईचा आणि स्वतःचा अहवाल वापरून चित्रण करायला तयार झाला. पण त्याचा एक प्रश्न राहिला आहे आणि तो मला टाळता येत नाही : चित्रण पाठवूनही ‘सर बाहेर आहेत’ हेच उत्तर आले तर? मुदत किती द्यायची आणि मुदतीनंतर नेमके काय करायचे?

आयटी पार्कवाला

मोठ्या सॉफ्टवेअरसाठी ९० दिवस ठीक आहेत, येथे एका दुपारचे काम आहे, तेव्हा तीन आठवडे पुष्कळ झाले. काउंटरवर सांगणे सोडून द्या, तेथील माणसाला तुम्ही काय म्हणता ते कळतच नाही. अहवालाच्या पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरात सॉफ्टवेअरचे नाव छापलेले असते, पहिले पत्र त्या कंपनीला जाऊ द्या. दुसरे केंद्राच्या मालक डॉक्टरांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह आणि तिसरे सर्ट-इनला, त्याच तारखेला. पत्रावर विद्यार्थ्याचे नाव न घालता महाविद्यालयाच्या विभागाचे शीर्षपत्र वापरा, म्हणजे पोलिसांकडे गेले तरी प्रश्न विभागप्रमुखांना विचारला जाईल. मधल्या काळात त्याने लिंकला हातही लावायचा नाही, ‘दुरुस्त झाले का’ हे पाहायलासुद्धा आईचाच अहवाल उघडायचा.

सिव्हिल लाइन्स

पत्राचा मसुदा पाठवण्यापूर्वी मला दाखवा, फी घेणार नाही. ‘अन्यथा आम्ही जाहीर करू’ असे वाक्य त्यात चुकूनही नको, त्यावरून धमकीचा गुन्हा बसवता येतो. ‘अमुक तारखेनंतर आम्ही संबंधित नियामकांना आणि रुग्णांना दोषाचे स्वरूप कळवू’ असे लिहा.

खडखडीत

तीन आठवड्यांनंतरही काही हलले नाही, तर माझ्या ओळखीचे एक पत्रकार सीताबर्डीला बसतात, त्यांच्याकडे मी सोबत येईन. दाखवायला आईचा अहवाल तेवढा आणा.